मटकीच्या चार वाट्या आणि आभाळातले ग्रह

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, बचत गटाचा आणि ग्रहांचा काय संबंध? हप्ता, कर्ज, पापड, शिवणकाम सोडून आज आभाळात कुठे निघालात?

संबंध आहे. आपली सहावी-सातवी-आठवीतली मुलं विज्ञानाच्या पुस्तकात सूर्यमाला शिकतात. घरी येऊन काहीतरी विचारतात. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणी चुलीपुढून मान वर न करता म्हणतात, "मला नाही बाई कळत त्यातलं, बाबांना विचार." मुलगा ते विसरून जातो. मुलगी मात्र दोन-तीनदा ऐकलं की मनात धरते, की हे आईचं काम नाही, म्हणजे आपलंही नाही. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं की नाही, हे तिथून ठरायला लागतं.

म्हणून आम्ही तीन गटांतल्या बायकांनी मिळून शनिवारी दुपारी मुलांना घेऊन बसायला सुरुवात केली. शाळेत बाई-सर शिकवतात ते शिकवतातच. आम्ही त्यात फक्त घरातलं सामान आणि आपला अनुभव घातला. त्यातून जे जमलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की ग्रहांची नावं आपल्याला पाठ आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. यातले सूर्य आणि चंद्र बाजूला काढा. उरले मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. हे पाचही ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून पूर्वीच्या माणसांना ते ठाऊक होते. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईला शुक्राची चांदणी कुणी दाखवावी लागत नाही. पृथ्वीचा वार नाही, कारण आपण तिच्यावरच उभे आहोत. युरेनस आणि नेपच्यून फार लांब आहेत. युरेनस १७८१ साली दुर्बिणीतून ओळखला गेला, नेपच्यून १८४६ साली. म्हणून त्यांचेही वार नाहीत.

इथे एक भांडण घरोघरी होतं. आपण शाळेत नऊ ग्रह शिकलो. मुलं म्हणतात आठ. मुलं बरोबर आहेत. २००६ साली जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ग्रह कशाला म्हणायचं याचे नियम ठरवले, त्यात प्लुटो बसला नाही. आता त्याला बटुग्रह म्हणतात. आणि पूजेतले नवग्रह ही वेगळी यादी आहे. त्यात सूर्य आहे, जो तारा आहे. चंद्र आहे, जो पृथ्वीचा उपग्रह आहे. राहू-केतू तर कुठली वस्तूच नाहीत. आभाळात सूर्याचा मार्ग आणि चंद्राचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ग्रहणं त्या बिंदूंजवळ होतात, म्हणून गिळण्याची गोष्ट आली. हे सांगितलं की मुलांचा पुस्तक आणि घर यांमधला गोंधळ बराच कमी होतो.

आता पुस्तकातल्या चित्राकडे या. चित्रात सगळे ग्रह एका पानावर ओळीनं बसवलेले असतात. पान तेवढंच असतं, चित्र काढणाऱ्याचा दोष नाही. पण मुलांना वाटतं की ग्रह असे शेजारी शेजारी राहतात, वाड्यातल्या खोल्यांसारखे. ते मोडायला एक ताट आणि थोडं धान्य पुरतं.

जेवणाचं फूटभर रुंदीचं ताट घ्या. हा सूर्य. शाळेच्या फाटकाला टेकवून ठेवा. आता पृथ्वी किती मोठी घ्यायची? ज्वारीचा एक दाणा. आणि तो ताटापासून मुलांच्या पन्नास पावलांवर ठेवायचा. हे पन्नास लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. बुध म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, एकोणीस पावलांवर. शुक्र पुन्हा ज्वारीचा दाणा, छत्तीस पावलांवर. मग पृथ्वी. मंगळ म्हणजे मोहरी, शहात्तर पावलांवर. गुरू म्हणजे लहानसं लिंबू, पण ते दोनशे साठ पावलांवर. शनी त्याहून थोडं लहान लिंबू, चारशे सत्याहत्तर पावलांवर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन हरभरे. एक ९६० पावलांवर आणि दुसरा दीड हजार पावलांवर, म्हणजे जवळपास किलोमीटरभर लांब. आमच्याकडे नेपच्यून ठेवायला गेलेली पोरं थेट ओढ्यापर्यंत पोचली आणि तिथून हात हलवत होती. ताट त्यांना दिसतही नव्हतं. चंद्र म्हणाल तर खसखशीचा दाणा, पृथ्वीपासून फक्त चार बोटांवर. माणूस आजवर स्वतः गेला तो तेवढाच. आणि आपल्या सूर्यासारखा सगळ्यांत जवळचा तारा? या मापानं दुसरं ताट सुमारे नऊ हजार किलोमीटर लांब ठेवावं लागेल, मुंबईपासून लंडनपेक्षाही दूर.

हे चालून झालं की मग खरा प्रश्न विचारायचा. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत जीव फक्त या ज्वारीच्या दाण्यावर का?

मुलं पाठ केलेलं उत्तर झटकन देतात: पृथ्वी सूर्यापासून योग्य अंतरावर आहे म्हणून. परीक्षेत याला गुण मिळतील. पण हे अर्धंच उत्तर आहे, आणि अर्ध्यावर मुलांना थांबू देऊ नये असं आमचं मत आहे. अंतराचं महत्त्व चुलीपाशी कळतंच. तव्यावरची भाकरी, आराला लावलेली भाकरी आणि टोपल्यात ठेवलेली भाकरी, तिघींची ऊब वेगळी. मग विचारा, चंद्र सूर्यापासून किती लांब? आत्ताच चार बोटांवर ठेवला ना! म्हणजे पृथ्वीएवढाच लांब, साधारण १५ कोटी किलोमीटर. मग तिथे झाड का नाही? तिथे दिवसा १२० अंशांपर्यंत तापतं आणि रात्री उणे १३० अंशांच्याही खाली जातं. अंतर तेच, पण हाल वेगळे.

दुसरा प्रश्न याहून मजेचा. सगळ्यांत तापलेला ग्रह कोणता? मुलं म्हणतात बुध, तो जवळ आहे. नाही. शुक्र. बुध सूर्यापासून सुमारे ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर, शुक्र जवळपास दुप्पट लांब, सुमारे १० कोटी ८० लाखांवर. तरी बुध दिवसा ४३० अंशांपर्यंत तापतो आणि रात्री उणे १८० पर्यंत गार पडतो, तर शुक्रावर दिवस असो की रात्र, सुमारे ४६५ अंश. शिसं वितळून वाहील एवढी उष्णता. चुलीपासून लांब ठेवलेलं पातेलं जवळच्यापेक्षा जास्त कसं तापलं? मुलं इथे गप्प होतात. ती शांतता आम्हाला फार आवडते. घाईनं उत्तर देऊ नका.

उत्तर आपल्या अंगणात आहे. हिवाळ्यात कोणत्या रात्री जास्त गारठा पडतो? आभाळ निरभ्र असतं तेव्हा. ढग आले की थंडी मोडते. शेतात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. द्राक्षवाल्यांना तर ही चिंताच असते, मोकळ्या आभाळाच्या रात्री ते बागेत शेकोट्या करून धूर धरतात. कारण दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडत असते. ढग असले तर ती ऊब अडते. ढग नसले तरी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड थोडी ऊब अडवतातच. म्हणजे पृथ्वीनं हवेची गोधडी पांघरली आहे. ही गोधडी नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. गोधडीमुळे ते सुमारे १५ अंश आहे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम चार भाग, पण काम केवढं करतो बघा.

चंद्राला गोधडीच नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ उतरलं तेव्हा त्यानं तिथल्या मातीत तापमापी खुपसली होती. वरच्या थराला पन्नास अंशांच्या वर आणि अवघं आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. वीतभरही नाही, आणि एवढा फरक. शुक्राची गत उलटी. त्याच्या हवेत शंभरात ९६ भाग कार्बन डायऑक्साइड, आणि ती हवा एवढी दाट की तिचा दाब आपल्याकडच्या ९० पटींहून जास्त. एकावर एक पन्नास गोधड्या घेऊन उन्हाळ्यात झोपावं तसं. रशियन लोकांचं व्हेनेरा-१३ यान १९८२ साली तिथे उतरलं, ते १२७ मिनिटं टिकलं, तरी त्याचं मोठं कौतुक झालं. काही सख्या विचारतात, पॉलिहाऊसमध्ये उकडतं तसंच का हे? बरंचसं तसं दिसतं. पण पॉलिहाऊसमध्ये मुख्यतः गरम हवा कोंडलेली असते, वरची गोधडी उष्णतेचे किरण अडवते. मोठ्या मुलांना हा फरक सांगावा, लहानांना गोधडी पुरते. कोळसा आणि तेल जाळून आपण आपली गोधडी थोडी थोडी जाड करतोय हेही इथेच सांगून होतं.

आता हवेचं दुसरं काम. हवा ऊब धरते, तशी ती पाण्यावर दाबही देते. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? आत वाफ कोंडून दाब वाढतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता १२० अंशांपर्यंत तापतं. उलट महाबळेश्वरला दाब कमी, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दाब आणखी कमी करत गेलं तर? हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा. पाणी आधी उकळून घ्या आणि हाताला जेमतेम सोसवेल इतकं निवू द्या. हे पाणी बाईमाणसानंच हाताळावं, मुलांच्या हाती देऊ नये. सिरिंजमध्ये थोडंसं पाणी ओढा, आतली हवा काढून टाका, तोंड बोटानं घट्ट बंद करा आणि दांडा जोरानं मागे ओढा. कोमट पाणी खळखळ उकळायला लागतं. आधी उकळून घ्यायचं कारण असं, की साध्या पाण्यात विरघळलेली हवा असते, तिचे बुडबुडे उकळीसारखे दिसतात आणि हुशार पोरं लगेच हरकत घेतात.

मंगळाची गोष्ट ही आहे. त्याची हवा इतकी विरळ की दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी. सरासरी थंडी उणे ६० अंशांच्या आसपास. तिथे बर्फ आहे, ध्रुवांवर भरपूर आहे, पण तो वितळून पाणी झालं तरी टिकत नाही, बहुतेक ठिकाणी त्याची वाफ होऊन जाते. वाहतं पाणी नाही, नद्यांच्या कोरड्या खुणा मात्र आहेत. अमेरिकेची पर्सिव्हिअरन्स गाडी फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरली ती मुद्दाम एका आटलेल्या तळ्याच्या जागी, जिथे पूर्वी नदी येऊन मिळत होती. म्हणजे मंगळावर एके काळी पाणी होतं. मग गेलं कुठे?

याला वाटीतल्या वरणाचं उदाहरण चांगलं. वाटीतलं वरण लवकर निवतं, पातेल्यातलं तासाभरानंही ऊन लागतं. मंगळाची रुंदी पृथ्वीच्या साधारण निम्मी. पृथ्वीच्या पोटात अजून लोखंडाचा रस खदखदतोय. त्याच्या हालचालीमुळे पृथ्वीभोवती चुंबकाचं कवच आहे, आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा ते कवच बराचसा परतवतं. मंगळ लहान, त्याचं पोट लवकर निवलं, आणि सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी त्याचं कवच गेलं. शिवाय त्याची ओढही कमी. सूर्याच्या माऱ्यानं हवा हळूहळू उडून गेली, हवेबरोबर दाब गेला, ऊब गेली आणि पाणी गेलं. त्याची माती लाल आहे ती गंजामुळे, लोखंडाचा गंज. आपल्या कोकणातली तांबडी मातीसुद्धा लोखंडाच्या गंजामुळेच तांबडी आहे. ओल्या मातीत एक खिळा पुरून ठेवा, आठवड्यानं काढून दाखवा.

म्हणजे नुसतं अंतर बरोबर असून भागत नाही. अंगावर हवेची गोधडी हवी, ती फार जाड नको आणि फार विरळ नको. ती धरून ठेवायला ग्रह पुरेसा मोठा हवा. हे सगळं कशासाठी? पाणी पातळ राहावं म्हणून. इथे आम्ही मटकी काढतो.

चार वाट्या घ्या, प्रत्येकीत मूठभर मटकी. पहिली वाटी कोरडीच ठेवा. दुसरीतली मटकी भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. घरी फ्रिज नसेल तर गावातला आइस्क्रीमवाला एक दिवस ठेवून घेतो, विचारून बघा. तिसरीतली मटकी आधी चांगली उकळा, मग ओल्या फडक्यात बांधा. चौथी नेहमीसारखी भिजवून फडक्यात बांधून उबेला ठेवा. दोन दिवसांनी उघडा. मोड फक्त चौथीला. आता मुलांना विचारा, चंद्र कोणती वाटी? मंगळ कोणती? शुक्र कोणती? सांगावं लागत नाही. कोरडी म्हणजे चंद्र, गोठलेली म्हणजे मंगळ, उकळलेली म्हणजे शुक्र. रोज मोड आणणाऱ्या बाईला हे काय नवीन, पण मुलं त्या फडक्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

पुढचा प्रश्न आम्हाला एका सहावीतल्या मुलीनं विचारला, तो आता आम्ही सगळ्यांना विचारतो. कोरडी मटकी मेली का? तिला भिजवून बघा. मोड येतात. गोठलेली बाहेर काढून उबेला ठेवली, तर तिलाही कधी कधी थोडे मोड दिसतात. उकळलेलीला कधीच नाही. काही जागी जीव थांबून राहू शकतो, काही जागी संपतोच. मंगळाच्या मातीत खाली कुठे काही थांबून राहिलं असेल का, हे शास्त्रज्ञ शोधतायत ते याच विचारानं. एक मात्र स्पष्ट सांगा. मटकीत जीव आधीच होता. पहिला जीव कसा झाला, हे चार वाट्या दाखवत नाहीत.

आणखी एक. मुलं यादीत नेहमी लिहितात, "जीवाला ऑक्सिजन लागतो." आपल्याला लागतो. सगळ्यांना नाही. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना विचारा, टाकी बंद का ठेवतात. आतले जंतू ऑक्सिजनशिवायच जगतात आणि शेणातून गॅस करतात, हवा लागली तर त्यांचं काम बिघडतं. पृथ्वीवर सुरुवातीला हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. समुद्रातल्या बारीक जीवांनी तो उन्हाच्या जोरावर तयार केला, आणि सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचायला लागला. म्हणजे ऑक्सिजन होता म्हणून जीव आला असं नाही, जीव होता म्हणून ऑक्सिजन आला.

आपल्याकडे जीवाची चिवट बाजू बघायला लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर आभाळातून पडलेल्या दगडानं झालेलं. काळ्या बेसॉल्टच्या खडकात एवढा मोठा खड्डा जगात दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी, मासा जगणार नाही असं. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव नाना गोष्टी उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले होते, रंग त्यांचा होता. म्हणजे जे पाणी आपल्याला मेलेलं वाटतं तिथेही कुणीतरी संसार थाटलेला असतो. म्हणून तर शास्त्रज्ञ गुरूच्या युरोपा या चंद्राकडे बघतात, त्याच्या बर्फाखाली समुद्र असल्याच्या खुणा आहेत. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रातून पाण्याच्या वाफेचे फवारे उडतात, ते कॅसिनी यानानं २००५ साली पाहिले. ही ठिकाणं सूर्यापासून किती लांब ते आपण चाललोच आहोत. गुरूच्या आणि शनीच्या जोरदार ओढीनं हे चंद्र सतत मळल्यासारखे दाबले जातात, त्यानं आतून ऊब येते. कणीक बराच वेळ मळली की कोमट लागते ना, तसं. म्हणजे "योग्य अंतर" हे उत्तर इथेही अपुरं पडलं.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडलेत, पाच हजारांच्या वर. त्यातल्या एका ताऱ्याचं नाव २०१९ पासून "बिभा" आहे, विभा चौधरी या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बाईंच्या नावावरून. त्याच्या ग्रहाचं नाव "संतमस". तो ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांहून किंचित मोठं. तिथे जीव कसला असणार! आजवर पृथ्वीबाहेर जीव कुठेही सापडलेला नाही. मुलांनी मोबाइलवर काहीही पाहिलं असलं तरी हे ठाम सांगा.

आता थोडं अवघड बोलतो. एका गटाच्या वहीत कर्जाच्या कारणाच्या रकान्यात आम्ही "मंगळाची शांत" असं लिहिलेलं वाचलं. मुलीला मंगळ आहे म्हणून दोन स्थळं परत गेली होती. पूजा करू नका असं आम्ही कुणाला म्हणत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण ग्रह शिकवताना हा मंगळ दाराबाहेर ठेवता येत नाही, कारण सातवी-आठवीतल्या मुली हे घरात ऐकत असतात. म्हणून आम्ही मुलांना एक गणित घालतो. पत्रिकेत बारा घरं. मंगळ कुठल्यातरी एका घरात असणारच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की म्हणतात मंगळ आहे. बारांत पाच. अपवादांचे नियम बाजूला ठेवले, तर साध्या हिशेबानं वर्गातल्या साठ मुलामुलींत किती जणांना मंगळ निघेल? पंचवीस! एकदा वर्गात हे उत्तर आल्यावर एक मुलगी उठून मोजायलाच लागली. त्यातल्या मुलांना कुणी परत पाठवल्याचं तुम्ही किती वेळा ऐकलंय, हा पुढचा प्रश्न आम्ही आयांना विचारतो.

आणि त्या मंगळापर्यंत आपलं यान गेलेलं आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरायला लागलं. ते नेणाऱ्यांत रितू करिधाल या इस्रोतल्या बाई मोठ्या जबाबदारीवर होत्या. मोहरीएवढा गंजका, गारठलेला गोळा, पातळ हवेचा. ज्या मुलीनं तो शहात्तर पावलांवर स्वतःच्या हातानं ठेवलाय, तिच्याशी बोलणं सोपं जातं.

रेडिओवर हे बोलून झाल्यावर काही गटांनी विचारलं, आमचं शिक्षण चौथी, आम्हाला जमेल का? जमतं. एक करा. मुलांनी विचारलेलं येत नसेल तर "गप बस" म्हणू नका, वहीत लिहून ठेवा आणि सोमवारी शाळेत बाईंना विचारायला सांगा. आमच्या वहीत सत्तावीस प्रश्न झाले होते, त्यातले काही शाळेतल्या सरांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक बघून सांगितले. मुलांना याचं नवल वाटलं, की सरही बघून सांगतात. ताप मोजायचं थर्मामीटर या प्रयोगांना वापरू नका. ते ३५ ते ४२ अंशांचंच असतं, गरम पाण्यात फुटतं आणि काचेच्या जुन्या थर्मामीटरमधला पारा विषारी असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं मागून घ्या.

खर्च म्हणाल तर सिरिंजचे दहा-वीस रुपये, बाकी सगळं डब्यातलं. ताटाचा प्रयोग सुगीनंतर रान मोकळं झालं की करा, दीड हजार पावलं सरळ चालायला मिळतात. मटकी शुक्रवारी रात्री भिजवा, म्हणजे रविवारी वाट्या उघडता येतात. चौथ्या वाटीची उसळ करून मुलांना खायला द्या, तिसरीची नको, ती दोन दिवसांत आंबते.